इंग्रजांच्या घरात तुकोबा

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन भाषांच्या परीक्षा द्याव्या लागतात. पहिली हिंदीची. ती दोन-तीन वर्षांत सुटते. कोथिंबिरीला 'धनिया' म्हणायचं, दुधीला 'लौकी' म्हणायचं आणि भाजीवाला 'सीताफल' म्हणतो तो चक्क लाल भोपळा असतो, एवढं अंगवळणी पडलं की काम भागतं. दुसरी परीक्षा इंग्रजीची. ती मात्र संपता संपत नाही. शाळेतली पालकसभा, सोसायटीची बैठक, नवऱ्याच्या ऑफिसातली पार्टी, सगळीकडे ती द्यावीच लागते. तिथे माणूस काय बोलतो याच्यापेक्षा कसं बोलतो याकडेच लोकांचे कान जास्त असतात.

गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहिणीला हा अनुभव वर्षानुवर्षं येत होता. माहेर वर्ध्याचं, शिक्षण बी.कॉम. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे दिल्लीकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. इंग्रजी वाचता यायचं, बोलताही यायचं, पण उच्चार वर्ध्याचे. एका पालकसभेत त्यांनी गणिताच्या गुणांबद्दल इंग्रजीत एक साधा प्रश्न विचारला. बाईंनी उत्तर दिलं, पण त्यांच्याकडे न बघता शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांकडे बघून. परत येताना सातवीतली लेक म्हणाली, "आई, पुढच्या वेळी बाबांनाच बोलू दे ना!" लेकीच्या मनात वाईट काही नव्हतं. आईला कोणी हसू नये, एवढंच तिला वाटत होतं. पण ते वाक्य आईच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच.

इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्ग त्या भागात पावलोपावली. तिथेही त्या पंधरा दिवस गेल्या. हॉटेलात टेबल कसं राखून ठेवायचं आणि मुलाखतीत हात कसा मिळवायचा, हे त्या वर्गात शिकवत. यांना ना हॉटेलात टेबल हवं होतं, ना नोकरी. वर्ग सुटला. मग २०१२ साली शेजारचा एक मुलगा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे आपल्या 'इग्नू'चा, अर्ज भरत होता. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तिथे इंग्रजी साहित्यात एम.ए. करता येतं, हे त्यांना त्याच्याकडून कळलं. १९८५ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ दक्षिण दिल्लीतल्या मैदान गढीला आहे. पुस्तकं टपालानं घरी येतात, रविवारी अभ्यासकेंद्रात मार्गदर्शनाचे तास असतात आणि परीक्षा जून किंवा डिसेंबरमध्ये देता येते. संसार सांभाळून शिकणाऱ्या बाईला याहून सोयीचं काय असणार!

"अगं, या वयात? आणि नोकरी थोडीच करायची आहे?" यजमानांनी विचारलं.

"अहो, फी माझ्या भिशीतून भरते," त्या म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

पार्सल आलं. ब्रिटिश कविता, ब्रिटिश नाटक आणि ब्रिटिश कादंबरी असे तीन मोठे विषय, शिवाय एक भाषाशास्त्राचा. कवितेच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला चौदाव्या शतकातला जेफ्री चॉसर. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या ओळी डोळ्यांसमोर आल्या आणि त्यांना वाटलं, छापताना काहीतरी गडबड झाली असावी. शब्द ओळखीचे वाटत होते आणि नव्हतेही. जिथे एक अक्षर हवं तिथे दोन. एवढी वर्षं ज्या इंग्रजीला घाबरलो, ती ही नव्हेच!

त्यांच्या सासूबाई रोज सकाळी सार्थ ज्ञानेश्वरी वाचत. वर ओवी, खाली अर्थ. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. चॉसरनं कथा लिहायला घेतल्या त्या साधारण १३८७ च्या सुमाराला. म्हणजे आपल्या माउलींची भाषा चॉसरहून शंभर वर्षांनी जुनी, आणि ती अर्थ पाहिल्याशिवाय आपल्याला तरी कुठे कळते? मग आजच्या इंग्रजालाही चॉसर असाच, खालचा अर्थ बघत वाचावा लागत असणार. हे लक्षात आलं आणि मनावरचं निम्मं ओझं उतरलं. त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. वर चॉसरची ओळ, खाली मराठी अर्थ. घरात सार्थ चॉसर तयार होऊ लागला.

पुढे त्यांना आणखी एक साम्य दिसलं. माउलींच्या काळी पंडितांची भाषा संस्कृत होती, तरी त्यांनी गीता मराठीत आणली. चॉसरच्या काळी इंग्लंडच्या दरबारात फ्रेंचचा मान होता, विद्वानांचा व्यवहार लॅटिनमध्ये चाले. न्यायालयात इंग्रजीत बोलावं असं सांगणारा कायदा व्हायलाही १३६२ साल उजाडावं लागलं. ज्या इंग्रजीपुढे आज आपण अवघडून जातो, ती तेव्हा स्वतःच्याच देशात बावरून उभी होती! आणि हा चॉसर कोण? लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीचे हिशेब पाहणारा अधिकारी. बी.कॉम. झालेल्या बाईला तो एकदम आपल्या गोटातला वाटला.

त्याच्या कथांची रचनाही मराठी घराला समजायला सोपी. लंडनच्या एका सराईत तीसेक यात्रेकरू जमतात. सगळे कँटरबरीच्या संतसमाधीच्या दर्शनाला निघालेले. वाटेत कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येकानं जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी सांगायच्या, असं ठरतं. सरदार आहे, गिरणीवाला आहे, जोगीण आहे, लबाड भिक्षुक आहेत. वारीच्या दिंडीत जशी सगळ्या थरांतली माणसं भेटतात, तशीच. फरक एवढाच, की यांच्या तोंडी अभंग नाहीत, गप्पा आहेत आणि त्यातल्या काही भलत्याच चावट आहेत.

अभ्यास पक्का व्हावा म्हणून त्या वाचलेलं कुणाला तरी सांगून पाहत. ऐकायला घरात एकच माणूस मोकळं होतं, ते म्हणजे सासूबाई. सासरे गेल्यावर त्या वर्धा सोडून मुलाकडे आल्या होत्या. इमारतीतल्या बायकांची हिंदी त्यांना पुरती कळत नसे, त्यामुळे दिवस मोठा वाटे. संध्याकाळी भाजी निवडताना गोष्टी सुरू झाल्या. बाथ गावच्या बाईची गोष्ट त्यांना फार आवडली. पाच लग्नं झालेली ही ठसकेबाज बाई एका कानानं बहिरी असते. का? तर तिचा पाचवा नवरा वाईट बायकांच्या गोष्टींची एक पोथी रोज तिला वाचून दाखवायचा. एके दिवशी तिनं त्या पोथीची पानं टराटरा फाडली, त्यानं तिला मारलं आणि तिचा कान गेला. शेवटी ती पोथी त्यालाच जाळावी लागली.

सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "बायकांना नावं ठेवणारी पोथी ना? फाडली ते बरंच केलं," त्या म्हणाल्या. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईला इतकी मनापासूनची दाद क्वचितच मिळाली असेल.

नाटकांच्या वेळी त्यांना वाटत होतं, हा भाग अवघड जाणार. पण इथे मराठी आधीच पोचलेली होती. 'हॅम्लेट' अभ्यासाला होतं. गोपाळ गणेश आगरकरांनी त्याचं रूपांतर 'विकारविलसित' या नावानं १८८३ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. देवलांचं 'झुंझारराव' म्हणजे 'ऑथेल्लो'च. आणि बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' उघडलं तेव्हा तर त्यांना हसूच आलं. ही तर आपली 'ती फुलराणी'! १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या नाटकावरून ती लिहिली, भक्ती बर्वे यांनी ती रंगमंचावर जिवंत केली आणि महाराष्ट्रात ती घराघरांत पोचली.

लेक तोपर्यंत आठवीत गेली होती आणि आईचे उच्चार सुधारायचं काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. आई मोठ्यानं वाचू लागली की लेक मध्येच थांबवायची, शब्द पुन्हा म्हणायला लावायची. एके संध्याकाळी आईनं तिला शॉची गोष्ट सांगितली. रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला एक प्राध्यापक पैजेवर उच्चवर्गीय बोली शिकवतो. ती परीक्षेत उतरते. सभ्य लोकांच्या मेजवानीत तिला कोणी ओळखत नाही. घरी आल्यावर दोघे पुरुष एकमेकांचं कौतुक करत बसतात. ज्या मुलीनं हे सगळं करून दाखवलं ती तिथेच उभी असते, आणि तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

लेक बराच वेळ गप्प होती. पालकसभेचा विषय त्या घरात पुन्हा कधीच निघाला नाही, त्याही दिवशी नाही. पण त्यानंतर आई वाचत असताना मध्ये थांबवणं बंद झालं. आईनं विचारलं तरच ती उच्चार सांगे. आणि आईही न लाजता विचारी.

एवढं होऊनही जून २०१३ च्या परीक्षेत त्या नाटकाच्याच पेपरात नापास झाल्या. उत्तरं येत होती, पण तीन तासांत पाच मोठे प्रश्न लिहायचे म्हणजे हात तयार हवा. पंचवीस वर्षांत किराणा मालाच्या यादीपलीकडे त्या हातानं फारसं काही लिहिलं नव्हतं. त्यात दिल्लीचा जून. घामानं कागद ओला होत होता, बोटं आखडत होती, शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला. निकाल कळल्यावर यजमान म्हणाले, "जाऊ दे, एवढं केलंस तेच पुष्कळ." त्यांनी ते समजुतीनंच म्हटलं होतं. पण लेक म्हणाली, "डिसेंबरला परत बस. वेळ मी लावते." मग रोज रात्री स्वयंपाकघरातलं घड्याळ टेबलावर यायचं, लेक प्रश्न द्यायची आणि आई लिहायची. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत गार पडलेल्या बोटांनी त्यांनी पाचही प्रश्न पुरे केले. पेपर सुटला.

कादंबऱ्यांकडे वळेपर्यंत त्यांची भीती गेली होती. नई सडकेवरून आणलेली गाइडं कपाटात गेली आणि दरियागंजच्या फुटपाथवर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून मूळ पुस्तकं घरी येऊ लागली. (हा बाजार २०१९ मध्ये तिथून हलवून जवळच्या महिला हाटमध्ये नेला गेला.) जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ ची. पाच मुली, मुलगा नाही, आणि वडिलांमागे इस्टेट जाणार दूरच्या एका पुरुष नातेवाइकाकडे. मुलींच्या आईची स्थळांसाठी चाललेली धावपळ लेखिकेनं हास्यास्पद रंगवली आहे. टीकाकारही त्या बाईला हसतात. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "ती वेडी नाही गं. तिला पाच मुली आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं.

त्या पुस्तकावर ऑस्टिनचं नावही छापलेलं नव्हतं. एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावानं आली. 'मिडलमार्च'वर नाव जॉर्ज एलियट, पण लिहिणारी मेरी अॅन इव्हान्स. आपल्याकडे १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं तेव्हा मालतीबाई बेडेकरांनाही विभावरी शिरूरकर या नावाआड उभं राहावं लागलं होतं. मनातलं बोलायचं तर बाईनं तोंड झाकून घ्यायचं, ही रीत दोन्हीकडे सारखीच!

आणि मग आली ई. एम. फॉर्स्टरची १९२४ ची 'अ पॅसेज टू इंडिया'. तिच्यातल्या प्राध्यापकांचं नाव वाचून त्या थबकल्या. नारायण गोडबोले! कादंबरीच्या शेवटच्या भागात एका संस्थानातल्या देवळात कृष्णजन्माचा उत्सव चालला आहे, गोडबोले झांजा घेऊन भजनात दंग आहेत, आणि त्या भजनात नाव येतं तुकारामांचं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग पुस्तक घेऊन त्या थेट सासूबाईंकडे गेल्या.

"हा तिकडे कुठे भेटला तुला?" सासूबाईंनी विचारलं. डोळे भरून आले होते.

तुकोबा तिकडे पोचले ते असे. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. माळव्यातलं हे संस्थान मराठ्यांचं. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी जवळून पाहिली, आणि कादंबरीतलं देऊळ उभं राहिलं ते त्या आठवणींतून. देवासच्या त्या दिवसांवर त्यांनी पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तकही लिहिलं. म्हणजे इंग्रजी साहित्याच्या ज्या घरात आपण पाहुणे म्हणून बिचकत शिरतो, तिथे आपल्या माणसांचा आवाज आधीपासूनच घुमतो आहे.

थोडा इतिहास पाहिला तर हे नातं आणखी जुनं निघतं. १८३५ मध्ये मेकॉलेनं इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरला, १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली, आणि आपली मुलं शेक्सपिअर, मिल्टन परीक्षेसाठी वाचू लागली. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू झाला १८९४ मध्ये, केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये! हे शिक्षण इथे आलं ते राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी, यात शंका नाही. पण त्यातून आपल्या लोकांनी काय घेतलं, हे आगरकर, देवल, शिरवाडकर, विंदा आणि पु. लं.कडे पाहिलं की कळतं.

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. १९९२ मधली, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली. तिच्या दर्शनी भिंतीवर काळ्या-पांढऱ्या दगडात एक भलामोठा वड पसरला आहे. २०१३ मध्ये त्याच रस्त्यावर नवं महाराष्ट्र सदन उभं राहिलं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या रविवारच्या कितीतरी फेऱ्या त्या रस्त्यावरून झाल्या.

२०१५ मध्ये त्या दुसऱ्या वर्गात एम.ए. झाल्या. उच्चार अजूनही वर्ध्याचेच आहेत. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या बिलाबद्दल त्या इंग्रजीत बोलतात, तेव्हा कुणाच्या तरी ओठांवर तेच बारीक हसू येतंही. पण आता त्या वाक्य अर्धवट सोडत नाहीत. अभ्यासक्रम संपल्यावर त्यांनी आजच्या कादंबऱ्या हाती घेतल्या, आणि तिथे तर उच्चारांचा प्रश्नच वेगळा निघाला. १९८९ मध्ये 'द रिमेन्स ऑफ द डे' लिहून बुकर मिळवणारे आणि २०१७ मध्ये नोबेल मिळवणारे काझुओ इशिगुरो जन्मले जपानमधल्या नागासाकीत. २०२१ चे नोबेलविजेते अब्दुलरझाक गुर्ना मूळचे झांझिबारचे. २००० साली 'व्हाइट टीथ' लिहून गाजलेल्या झेडी स्मिथची आई जमैकाची. बाहेरून आलेल्या घरांतून उमटलेल्या आवाजांवर आज तिथली कादंबरी उभी आहे. मग आपल्याच आवाजाची लाज कशाला?

आपल्यापैकी कुणाला या वाटेनं जावंसं वाटलं, तर पदवीसाठी नाव घातलंच पाहिजे असं नाही. इग्नूच्या अभ्यासपुस्तिका 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सुरुवात मराठीतूनच करावी. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आणि विंदांचं 'राजा लिअर' वाचून मग शेक्सपिअरकडे जावं, 'ती फुलराणी' पाहून शॉकडे. अडलेल्या शब्दाखाली मराठी अर्थ लिहावा आणि वाचलेलं घरात कुणाला तरी सांगावं. ऐकणारं माणूस मिळालं की अर्धा अभ्यास होतो.

इंदिरापुरमच्या त्या घरात निकालाचे पेढे वाटून झाल्यावर सासूबाईंनी जरा चाचरतच विचारलं, "परीक्षा झाली. म्हणजे आता गोष्टी बंद का?" परीक्षेच्या घाईत 'मिडलमार्च' भराभरा उरकलं होतं. आठशेच्या आसपास पानांचं ते पुस्तक सुनेनं पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. या वेळी घाई नव्हती.